आघात : दुसऱ्या अवयवावर

ग्रिम्स्बीच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
बोग्ना कार्डावर एक शब्द लिहिते
आणि पेन्सिलीने त्याचे तुकडे पाडते:
अन्. कम्. फर्. ट. बल.
पाच.

समोर डेस्मंड थॅकरे, वय एकाहत्तर,
चाळीस वर्षं उत्तर समुद्रात जाळी ओढलेला.
उजवा हात मांडीवर,
दुसऱ्या कुणाचा सांभाळायला दिल्यासारखा.

"इथे," बोग्ना बोटाचं पेर टेबलावर आपटते,
"कम्-वर जोर. बाकीचे हलके."
तिची मायबोली पोलिश; तिथे जोर बहुधा
शेवटून दुसऱ्यावर, ठरलेला,
रविवारच्या सूपासारखा.
दमली की इंग्रजीतही तिकडेच घसरते,
मग दोघं हसतात,
तो अर्ध्या तोंडाने.

मी कोपऱ्यात नोंदी घेते, शिकाऊ.
वहीत मराठी शिरते, न विचारता.
सिलॅबल म्हणजे शब्दावयव.
जोर म्हणजे आघात.
आणि मार्चमध्ये, अंडी तळताना,
डेस्मंडला जे झालं
तेही.
एकच शब्द दोन रकान्यांत. मी खोडत नाही.

खाली सुट्या भागांचा तक्ता:
अन् म्हणजे नाही,
एबल म्हणजे होण्याजोगं,
मध्ये कम्फर्ट, आणि त्याच्या पोटात
लॅटिनमधलं कुठलंसं जुनं बळ.
बोग्ना यातलं काही सांगत नाही.
ती विचारते, "उशी कशी आहे?"

"अन्," तो म्हणतो.
मग काही नाही.
नळ. कुणाची तरी ट्रॉली.
मला ते तुटलेलं वाटतच नाही.
आमच्याकडे अन् नाकारत नाही, जोडतो,
समोरच्याला धरून ठेवतो:
अन्... अन् मग?

बोग्नाही थांबलीय.
तिला मराठी येत नाही, तरी.

डावा हात टेबलावर येतो. मूठ.
एकदाच आपटते, कार्ड उडतं, चहा सांडतो,
"कम्फ्!"
आणि मागोमाग, जड जाळं एकदा सुटलं की
दोर भराभर वर यावा
तसं, "टबल."

चारच. फर् पाण्यात गेला.
मी वहीत एक वजा करते.
बोग्ना कार्ड पुसते, फर्-वर अंगठा ठेवते.
"तो इथे कुणीच म्हणत नाही," सांगते,
"माशांच्या लिलावात नाही, चर्चमध्ये नाही.
फक्त मी म्हणते."

मग तिच्या लक्षात येतं
की त्याने उत्तर दिलंय,
आणि ती उशीला हात घालते.