जाय

एर्मेलिनबायनं पहिल्या दिवशी दार अर्धंच उघडलं.
माझी वळकटी बघितली, लोखंडी ट्रंक बघितली,
बदलीचा कागद लांबूनच वाचल्यासारखं केलं
आणि म्हणाली, "च्या जाय?"
लाटांच्या आवाजात
मला शेवटचा शब्द तेवढा ऐकू आला.
बार्शीत एवढ्यावर माणूस चपला शोधतो.
मीही तीन पायऱ्या उतरलो.
मग मागून कपबशी वाजली.

जाय म्हणजे पाहिजे.
नाका म्हणजे नको; मला मात्र कितीतरी दिवस
आमचा जकात नाका दिसायचा, त्याचा वाकडा दांडा,
आणि कांद्याच्या गाडीवर झोपलेला ड्रायव्हर.
सकाळी सायकलचा भोंगा वाजला, मी पोळी मागितली,
तर पोदेरानं हातावर गोल, गरम पाव ठेवला,
बुडाला कोंडा, पोट पोकळ.
ते पोट मी शेंगाचटणीनं भरलं
आणि फोनवर आईला सांगितलं, पोळी मिळते इथं.
खोटं कुठं होतं?

वेळसांवच्या पोस्टात मी आणि एक पंखा.
रेवणसिद्ध हे नाव कुणाच्या तोंडात मावेना,
कापून कापून त्याचा रेवान झाला.
घरांना नंबर आहेत, पण विचारू नयेत.
विहिरीकडचा कायतान. माडावरून पडला त्याचा पूत.
निळ्या दाराची, पण दार आता पांढरं.
पत्रं येतात लिस्बनहून, स्विंडनहून,
बँकेची जास्त, माणसांची कमी.
बंद घराच्या फटीतून पाकीट सरकवलं
की ते फरशीवर पडत नाही,
आधीच्या पाकिटावर पडतं.
हा आवाज आता मला ओळखू येतो.

बोस्त्यांव एकदा स्टँपला थुंकी लावता लावता म्हणाला,
"सगळे भायर वतात, तूं हांगा कित्याक आयलो?"
मी म्हणालो, ऑर्डर.
तो हसला. त्याच्या मुलाचीही ऑर्डरच होती म्हणे,
बायकोची.

एका रविवारी किनाऱ्यावर रापण ओढत होते.
बघत उभा होतो, तर कुणी न विचारता
दोर माझ्या हातात आला.
ओला, खारा, माणसाच्या मनगटाएवढा.
टाचा वाळूत रुतवायच्या आणि मागं मागं जायचं,
समुद्राकडं तोंड करून.
तासाभरानं तळहात सोलले.
जाळं आलं ते चांदीनं फडफडत,
तांडेलानं वाळूत ढीग घातले
आणि एक ढीग माझ्या पायाशी.
मी छातीवर हात ठेवला. सदऱ्याआड लिंग होतं, आजोबांनी बांधलेलं.
"नाका," मी म्हणालो. शब्द पहिल्यांदाच बिनचूक आला.
"ओडलें मरे?" तांडेल म्हणाला. "हो तुजो वांटो."
आणि तो पुढच्या ढिगाकडं गेलासुद्धा.

सतरा बांगडे टॉवेलात घेऊन
मी गावातून चाललो.
सतरांचेही डोळे उघडे.
कुत्री मागं, मांजरं पुढं,
वरातच म्हणायची.
एर्मेलिनबायनं दोनदा मोजले,
माझ्या तोंडाकडं बघितलं, काही बोलली नाही.
रात्री शिंपल्यांच्या खिडकीवर टकटक झाली.
ताटलीखाली झाकलेली भेंडी, वर खोवलेलं खोबरं,
आणि पातेलं कोरं करकरीत,
बुडाशी किमतीची चिठ्ठी तशीच, एका कडेला जळालेली.
"हातूंत नुस्तें केन्नाच रांदूंक ना," ती म्हणाली.
दोनशे चाळीस रुपये.
ती चिठ्ठी मी अजून खरवडलेली नाही.

पोहता येत नाही. सुकटीचा वास
अजून नाकात बसतो, उशीत बसतो.
मे महिन्यात जीव बार्शीच्या कोरड्या झळांसाठी तडफडतो;
हे इथं कुणाला सांगून पटत नाही.
ट्रंकेत परतीच्या बदलीचा अर्ज आहे,
सगळा भरलेला, तारखेची जागा सोडून.

चार वाजता पोस्ट बंद करून येतो.
बाय पायरीवरच्या बाकावर तांदूळ निवडत असते,
मान वर न करता विचारते, "जाय?"
जाय, मी म्हणतो,
आणि बसतो.