माग

गेटवरच्या रजिस्टरात चार रकाने:
नाव, गाडीचा नंबर, किती रात्री, सही.
दाबेही सही करतो. पाहुण्यांच्या खाली, माझ्या वर.
ज्या बाभळीखाली त्याची आई बाळंत झाली
ती आता नकाशावर 'कॅम्प चार' आहे
आणि तिथे चूल पेटवायला परवाना लागतो.

दोन रात्री, एकच गाडी, दोनच पाहुणे.
येल्ते आणि फेम्के, ओल्या देशातले,
कलाहारीची धूळ बघून हसणारे,
पहिला एक तास.

मी गाडी चालवते.
दाबे बॉनेटवरच्या खुर्चीत, पाय लोंबकळत,
मांडीवर एक काडी.
काडी उचलली की मी ब्रेक दाबते.
तो खाली उतरतो, उकिडवा बसतो,
वाळूची विचारपूस करतो
आजारी माणसाची करावी तशी, आवाज न चढवता.
इथे साळिंदर अडलं.
इथे गेम्सबॉकने खुराने कंद उकरला, अर्धाच खाल्ला.
हा सिंह कालच्या संध्याकाळचा:
ठशावरून किड्याची शिवण गेली आहे
आणि किडे इथे रात्रीच निघतात.

"सिंह कुठे आहे?" येल्ते विचारतो.
"होता," दाबे म्हणतो.
दाबेच्या इंग्रजीत भूतकाळ तेवढा पक्का.

दिवसभरात दिसलं ते एवढंच:
मोठ्या कानांचा एक कोल्हा, जमिनीला कान लावून,
दोन माळढोक, बाजाराला निघाल्यासारखे,
आणि दूर, उन्हाने वितळलेल्या तळ्याच्या काठी
काहीतरी, जे जवळ गेल्यावर दगड निघालं.
दोघं दिवसभर बोलले, माझ्याशी.
फेम्के म्हणाली, त्याला पाणी हवंय का विचार.
तो हातभर अंतरावर बसला होता.
मी विचारलं. नको म्हणाला.
मी तिला सांगितलं, नको म्हणतोय.

ऑगस्टची रात्र. बादलीतलं पाणी वरून गोठलं.

सकाळी चहाच्या आधी दाबे तंबूंना फेरी घालतो,
रोजचंच. मी किटली घेऊन मागे.
अर्धं त्याच्या भाषेत, अर्धं माझ्या, तो सांगत गेला:
हे त्याचे पाय. अनवाणी. एवढ्या थंडीत!
इथे उभा राहिला, बराच वेळ, टाचा बघ किती रुतल्यात.
ही ती. बुटांच्या नाड्या मोकळ्या, फरपटलेल्या.
उजवा पाय ओढते. गुडघा दुखतोय,
काल चढताना लपवत होती.
इथे थांबली. त्याच्यापासून बारा पावलं.
आणि हे तपकिरी तरस,
दोघांच्या मधून गेलं, सरळ, कुणाचं काही न लागता.
"मग?"
मग तो मागे सरकला, पाठ न वळवता, तिच्या बाजूला.
"आणि?"
दाबेने काडीने तंबूपर्यंत हवेत रेघ ओढली.
पुढे माणसं दोन आहेत. माग एकाचाच वाटतो.

तेवढ्यात येल्ते बाहेर आला, मोजे घालून.
"रात्री काही आलं होतं?"
दाबेने वाळूकडे बघितलं, मग त्याच्याकडे.
"तरस होतं," म्हणाला. "एकटं."
आणि बोरीची फांदी मोडून
तंबूपुढची सगळी जागा झाडून काढली,
सणाच्या दिवशी अंगण झाडावं तशी, कोपऱ्यासकट.

तिसऱ्या दिवशी सामान बांधलं.
सिंह दिसलाच नाही. येल्तेने त्याचं काही काढलं नाही.
फेम्केला गाडीत चढताना त्याने हात दिला,
उजव्या बाजूने.
मी इंजिन चालू केलं तेव्हा दाबे जागेवर नव्हता.
बाभळीपाशी गेला होता,
मागच्या बाजूला, जिथे खोडाला जुनी खाच आहे.
किती वेळ, ते मी घड्याळात बघितलं नाही.
परत येऊन खुर्चीत बसला, पाय लोंबकळत, काडी मांडीवर.

गेटकडचा रस्ता डावीकडे आहे.
मी गाडी उजवीकडून घेतली, बाभळीला वळसा घालून,
त्याच्या पावलांवरून,
आधी पुढची चाकं, मग मागची.
पाहुण्यांना वाटलं असेल, ही रस्ता चुकली.
इतक्या वर्षांत वाळू थोडी मलाही वाचता येते.
काडी उचलली गेली नाही.