त्या वेळी आपण काय करत होता

तहसीननं छातीवर पाच चिकट बिल्ले लावले.
डाव्या बाजूला तिचा हात जरा थांबला,
कुठं लावू म्हणून.
म्हटलं, लाव गं कुठंही, तिथं मैदानच आहे.
ती हसली नाही. नवीन असावी.
मग वायरी, कमरेला डबी, आणि एक कागद:
वेळ. काय जाणवलं. त्या वेळी आपण काय करत होता.
उद्यापर्यंत आंघोळ नाही.

१०.४०
दवाखान्याचा जिना उतरत होते. काही नाही.
नेमकं आत्ताच कसं काही नाही?

१२.१५
उद्यमनगरात, वर्कशॉपच्या खोलीत, जीएसटीची बिलं.
दोन लेथ चालू, तिसरी बंद,
तिच्यावरचं पोरगं जोतिबाला गेलेलं.
एक ठोका गळला. मग दोन एकदम आले,
शाळेला उशीर झालेल्या पोरानं
दोन-दोन पायऱ्या चढाव्यात तसे.
हात आधी काखेत गेला, गाठ चाचपायला.
तिथं हृदय नसतं, हे मागाहून आठवलं.
लिहिलं: धडधड.
चौकटीत तेवढंच मावतं.

नऊ वर्षं झाली.
ते लाल औषध चढायचं आणि पेशी पडायच्या.
बापूसो रिपोर्ट हातात घेऊन म्हणायचे,
तांबडा लय झाला, आता जरा पांढरा वाढू दे.
मी हसायचे आणि मग ओकायचे.
नंतर पंचवीस दिवस शेक. डाव्या बाजूला.
श्वास धरा. सोडा. धरा.
आता हे नवे डॉक्टर म्हणाले,
तेव्हा जीव वाचवायचा होता, थोडी झळ आत गेली असेल.
किंवा औषधाचं असेल. किंवा वयाचं.
किंवा काहीच नसेल.
एवढे सगळे 'किंवा' पर्समध्ये घालून
मी रिक्षानं आले. मीटरपेक्षा वीस जास्त दिले.

४.०५
चहा. जाऊबाई फोनवर: आता तर तू बरी झालीस ना?
लिहिलं: काही नाही.

७.३०
रंकाळ्यावर दोन बाकं चालले, तिसऱ्यावर बसले.
भेळवाला कांदा चिरत होता, टक टक टक टक,
एकही चुकत नव्हता.
मला त्याचा राग आला. हे कुठल्या रकान्यात लिहू?

११.२०
बापूसोंना डोळे मिटून बेअरिंग ओळखता येतं.
लांब स्क्रू-ड्रायव्हर, टोक मशीनवर, मूठ कानाला,
मग सगळ्या पोरांनी गप्प राहायचं.
आज दिवा मालवल्यावर म्हणाले, बघू.
आणि वायरी बाजूला करून कान ठेवला
त्या बाजूला.
नऊ वर्षांत पहिल्यांदा.
दाढीचे खुंट टोचले की नाही कळलं नाही,
तिथली कातडी अजून बधिर आहे.
फक्त वजन कळलं, डोक्याचं.
बराच वेळ ऐकत राहिले.
मधली भिंत गेल्यावर लगेच ऐकू येतंय, म्हणाले.
मग म्हणाले, मिसिंग मारतंय मधनंच.
पण लोड घेतंय की.

५.५०
झोप नव्हतीच, तर गंगावेशीत गेलो.
म्हशीखालचं दूध, ग्लास फेसानं भरलेला, कोमट.
धार कधी लांब, कधी आखूड, कधी थांबून.
गवळ्याला त्याचं काही वाटत नव्हतं.

तहसीननं बिल्ले ओढून काढले.
पाच तांबडे चौकोन उरले, चारच खाजतात.
कागद वाचून म्हणाली,
मावशी, ११.२० पुढं काहीच लिहिलं नाही?
म्हटलं, राहू दे ते. डबीला माहीत आहे.
रिपोर्ट मंगळवारी.

वर्कशॉपात तिसरी लेथ चालू झालेली.
पोरगं आलंय, कानामागं अजून गुलाल,
माझ्या टेबलावर नारळाची वाटी ठेवून गेलं.
बिलं उघडली, पण नुसतीच ऐकत बसले.
तीन मशीन, आणि हे चौथं.
कुठला आवाज कुणाचा,
मला अजून ओळखता येत नाही.