वल्ह्याला कान

हर्णैला, बर्फाच्या फॅक्टरीसमोर माझं दुकान.
पाटीवर लिहिलंय : शमीम कॉम्प्युटर्स, दुरुस्ती व झेरॉक्स.
खाली खाऱ्या हवेनं खाल्लेला फोन नंबर,
शेवटचा आकडा सात की एक, ते गिऱ्हाइकानं ठरवायचं.

नारळी पुनवेला चार दिवस होते,
होड्या अजून झापांखाली.
धाकू तांडेल आला. टोपीत गुंडाळलेली हार्ड डिस्क
काउंटरवर ठेवली, सुरमई काट्यावर ठेवतात तशी.
म्हणाला, पोराची हाय. पोरगा जहाजावर,
कुठल्या दर्यात ते त्याला तरी ठावं का.
ह्यात खडपं हायत.

खडपं म्हणजे पाण्याखालचे खडक, जाळी फाडणारे.
पोरानं आठ वर्षं टिपलेले :
अक्षांश, रेखांश, पुढे ओळखीपुरते दोन शब्द.

जोडली. दिवा लागला.
कॉम्प्युटरनं मान वर केली नाही.

वायर बदलली. ती नुसती चार्जिंगची निघाली,
माझ्याच खणातली, म्हणून कुणाला बोलता आलं नाही.
तिसरी वायर. मागचं भोक. मग दुसरा कॉम्प्युटर,
जो फक्त पावत्या छापतो आणि कुरकुरतो.
नाही. सी आणि डी, दोन जुने भाडेकरू दारात उभे,
तिसरं कुणी आलंय का विचारलं
तर आम्ही नाही बघितलं.

फिरती डिस्क उचलू नये, हे मी सांगेपर्यंत
धाकूनं ती कानाला लावली होती.
पूर्वी म्हणे वल्हं पाण्यात उभं सोडायचे,
वरचं टोक कानाशी धरायचे.
खाली घोळ बोलते, ढोमा बोलतो,
ते बोलणं लाकडातून वर चढतं.
समोर बर्फाचा कॉम्प्रेसर घरघरत होता.
धाकूनं डोळे मिटून तो बाजूला सारला असावा.
"फिरतंय," म्हणाला. "म्हावरं हाय खाली."

मग खोललं.
सोनेरी दातांवर हिरवट कळंक.
मुलीच्या कंपासातला खोडरबर घेतला,
स्ट्रॉबेरीच्या वासाचा,
आणि एकेक दात घासला, श्वास रोखून.

पुन्हा जोडली.
दारात नाहीच. पण मागच्या खोलीत,
जिथे माझ्यासारखे लोकच जातात,
तिथे एक निळी पट्टी पसरलेली,
प्रकृती ठीक, जागा भरलेली.
फक्त तिला अक्षर नव्हतं.

कधीकधी मशीन अशा वेळी लाघवीपणानं विचारतं,
फॉरमॅट करू का?
वीस वर्षांत मी एकदाच हो म्हटलंय.
कुणाचं लग्न होतं त्यात, ते सांगणार नाही.

धाकूला म्हटलं, नंबर नसलेली होडी असते ना, तसं.
तो म्हणाला, ती कस्टमवाल्याला बरोबर दिसते,
सोसायटीलाच दिसत नाय, डिझेलच्या टायमाला.
कुठलं अक्षर देऊ?
"ध हाय?"
इथे ध नसतो, चाचा.
मग बराच वेळ तो बाहेर बघत राहिला,
झाप उडू नये म्हणून बांधलेल्या दगडांकडे.
"हरेशचं दे."
एच दिलं.

खिडकी उघडली, भाडेकरू सरकले.
मी एकेक वाचत गेले, तो बोटं मिटत गेला :
भटाचा दात. म्हातारीचं जातं.
जाळी गेली, मी रडलो.
बाबाचं खडप.

तिथे त्यानं हात धरला. आकडे पुन्हा वाचायला लावले.
मीच त्याला नकाशावर तो ठिपका दाखवला.
किल्ला इथे, दीपगृह इथे.
मान हलवली त्यानं. "चुकलाय. दोन वाव भायेर हाय ते.
आंगावर काढलंय मी."

बदलू?
"नको. ऱ्हाऊदे तसंच. आला की भांडू."

दीडशे झाले होते.
त्यानं शंभर दिले, डिस्क टोपीत गुंडाळली,
टोपी डोक्यावर न घालताच उन्हात उतरला.
उरलेले पुनवेनंतर, म्हणाला, म्हावऱ्यात.