आधी हाताने

गावाचं नाव मखन्लेथ.
नावाच्या शेवटी लेथ आहे म्हणून इथली नोकरी घेतली
असं मी लोकांना सांगते, आणि ते अगदीच खोटं नाही.
दादांचं लेथ होतं, कोल्हापुरात, उद्यमनगरात;
रात्री ते जेवायला बसले की
बाहीच्या दुमडीतून लोखंडाचा कीस पडायचा.

माझी गाडी शहाण्णव सालची डिस्कव्हरी.
घेतली तेव्हा हिरवी होती. आता
जिथे हिरवी नाही तिथे मी आहे:
घासलेली, प्रायमर मारलेली, परत घासलेली.
वेल्समध्ये हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात.
खाल्ल्या मिठाला न जागणारी वस्तू पाहायची असेल
तर माझ्या गाडीखाली सरपटत या.

शेजारचा गेरायंट, खाणीतला निवृत्त फिटर,
त्याने पहिल्या दिवशी डिकीच्या तळावर स्क्रू-ड्रायव्हर टेकवला.
दाबलासुद्धा नाही.
तो आरपार गेला, खाली फरशीवर वाजला.
"खिडकी बरी आहे," म्हणाला, "पण इतकी खाली?"

मग सहा हिवाळे.
नवा तळ, त्याचं वेल्डिंग. टायमिंग बेल्ट. दोन इंच उंच स्प्रिंगा.
बॉनेटशेजारून वर गेलेलं नाकाड,
नदीत उतरली तरी इंजिनाला श्वास मिळावा म्हणून
(डवीला पूर आला की मी फार्मसी बंद करून घरी बसते).
फ्रीजसाठी दुसरी बॅटरी, की बॅटरी होती म्हणून फ्रीज,
आता आठवत नाही.
टपावर तंबू.
आणि चाळीस लिटर पाण्याची टाकी,
इथे, जिथे वाळत घातलेले कपडे बुधवारपासून ओले आहेत.

गॅरेजच्या भिंतीवर नकाशा, लाल पेनाने रस्ता.
ओल तुर्कमेनिस्तानातून शिरली;
कॅस्पियन दरवर्षी थोडा थोडा मोठा होत गेला.
लोक विचारायचे, कधी निघणार?
एवढं एक झालं की.
ते एक कधी एकटं नसायचं.

मार्चमध्ये अल्टरनेटरचा बोल्ट.
घाईत होते, बोल्ट टेकवला आणि थेट पान्हा लावला.
कर्र.
आटे गेले.
दादांची आठवण आली असं लिहिणार होते,
पण आधी शिवी आठवली. ती त्यांचीच होती.
वाक्य मागाहून आलं:
आधी हाताने फिरव. दोन-तीन आटे बोटांनी बसू देत,
मग पान्हा घे.
वाकडा बोल्ट पहिल्याच आट्याला वाकडा असतो,
जोर लावला की ते उशिरा कळतं, एवढंच.

गेरायंटने नवे आटे पाडून दिले.
हात पुसता पुसता टपाकडे बघत म्हणाला,
"तू गाडी करत्येस की घर?"
मी त्याला दुसरं फडकं दिलं.

त्या रविवारी तंबू उतरवला. फ्रीज उतरवला.
टाकीतलं पाणी अंगणात सोडलं; अंगणाला पत्ताही लागला नाही.
गाडी तीन बोटं वर आली,
कुणीतरी मानगुटीवरून उठावं तशी.
एक ब्लँकेट, चहाचा थर्मास, पान्ह्यांची पिशवी.

कॉरिसच्या वर, बंद पडलेल्या खाणीपर्यंत,
शेवटचा मैल लो रेंजमध्ये, म्हातारी मेंढी चालेल त्या वेगाने.
मागे डावीकडे काहीतरी टकटकत होतं.
सगळे आवाज माझ्या ओळखीचे आहेत; हा नव्हता.
थांबले नाही.

वर नुसता पाटीचा दगड.
ढिगांवर ढीग,
ज्यावर कुणी कधी अ गिरवला नाही.
इंजिन बंद केलं. तापलेलं लोखंड
निवताना बोलतं: टिक्. बऱ्याच वेळाने, टिक्.
मी मागच्या नव्या तळावर पाय पोटाशी घेऊन झोपले.

सकाळी गाडी पुढे घेतली तर खाली
तेलाचा थेंब पडलेला,
पाटीवर शांतपणे काढलेल्या शून्यासारखा.

वहीत लिहिलं:
साडेसात मैल. टकटक, मागे डावीकडे. बघणे.
मग 'बघणे'च्या आधी, बारीक अक्षरात,
जागा नव्हती तिथे घुसवलं:
परत आल्यावर.