तिसरं घर

पाटणीपुऱ्याच्या चौकातून आत वळलं
की चक्कीला लागून माझं दुकान :
एक टेबल, एक पंखा,
आणि काचेचा डोळा असलेलं
काडेपेटीएवढं यंत्र.
दहा तारखेला खात्यात पैसे पडतात.
अकराला चक्कीचा पट्टा फिरायच्या आधी
बायका रांगेत.

चेहरे मी विसरतो. अंगठे लक्षात राहतात.
फॉल-पिकोवालीचा सुईनं टोचलेला,
अगरबत्ती वळणारीचा काळा,
मंडीत मेथी निवडणारीचा हिरवट.

देवका इंगळेचा कोरा.
आधी राखेनं, मग पावडरनं,
मग त्या हिरव्या वडीनं
दुसऱ्यांची भांडी घासता घासता
रेघा कुठल्या कुठे वाहून गेलेल्या.
यंत्र म्हणायचं, पुन्हा प्रयत्न करा.
ती पदराला पुसायची. पुन्हा.
कपाळावर घासायची, जरा तेल लागावं म्हणून. पुन्हा.
मागून कुणीतरी, "जल्दी करो ना बाई,"
आणि ती माझ्याकडे वाकून, मराठीत, हळूच :
"दादा, मी मीच आहे हो."

शेवटी एखाद्या करंगळीवर निघायचे
साडेबाराशे.
वाटणी तिथंच, टेबलाच्या कडेला.
पाचशे किराणावाल्याचे,
तो वही घेऊन कोपऱ्यावर उभाच.
तीनशे सिलिंडरच्या डब्यात.
उरलेले घडी करून रुमालात,
रुमाल कुठे ते मी बघत नाही.

मुलीचा क्लास? बघू.
दुखरी दाढ? बघू.
आमच्या इंदूरच्या मराठीत
बघू म्हणजे नाही,
फक्त जरा पाट मांडून बसवलेलं नाही.

नवरा लोडिंग रिक्षा चालवतो.
पहिल्या हप्त्यानंतर त्यानं घरखर्चातून
बरोब्बर हजार कमी केले.
"तुला येतात ना आता."
हे ती हसून सांगते.
मी तेवढ्यात नोटा पुन्हा मोजतो.

जावेला येतच नाहीत.
कार्डावर सुशीला, पासबुकात सुशिला.
एका वेलांटीपायी ती आठ महिने
माझ्याकडे, बँकेत, वॉर्डात, परत माझ्याकडे.
देवकाशी बोलत नाही,
जशी काही वेलांटी हिनंच चोरली.

मग दिवाळीच्या मागेपुढे कधीतरी
देवका आली, अंगठा ठेवला,
यंत्र एकदा टुणकलं.
झालं.
ती पुन्हा ठेवायला लागली, सवयीनं.
म्हटलं, अहो, झालं.
दोघंही त्या हिरव्या दिव्याकडे बघत राहिलो.

"काय लावलंत हाताला?"
"काही नाही. तिसरं घर सोडलं."
मनीषपुरीतलं, जिन्यावर जिने,
रात्रीच्या करपलेल्या कढया,
आणि हिचा चहा खिडकीत ठेवलेल्या कपात.
"ते द्यायचे बाराशे. हे साडेबाराशे.
पन्नासानं वरच आहे मी."

हिशोब जुळत नव्हता.
पाचशे वहीचे, हजार नवऱ्यानं आधीच कापलेले,
माझं कामच हे, मला दिसत होतं.
पण दुरुस्त केला नाही.

"दुपारी काय करता मग?"
"निजते," म्हणाली. "दोन ते साडेतीन.
आतून कडी लावून."
हे तिनं आवाज खाली घेऊन सांगितलं,
जसं काही दागिना केलाय.

"आणि ते हजार? नवऱ्याकडे मागितलेत?"
"मागितले."
"देईल?"

तिनं अंगठा ट्यूबलाइटकडे धरला,
नोट खरी की खोटी
बघावी तसा,
डोळे बारीक करून.

"बघू," म्हणाली.

रांग एका पावलानं पुढे सरकली.
सुशीला, किंवा सुशिला,
तिसरी उभी होती.