पावणेतीन इंच

ब्रेकरचा दात पहिल्याच ठोक्याला आरपार गेला,
तेव्हाच कळायला हवं होतं.
फाळकं उलटं केलं, टेप लावली.
कडेला साडेचार. मधे पावणेतीन.
जाळी नाही, खडी नाही,
खाली नुसती सरोवराकाठची ओली वाळू,
जी दर हिवाळ्यात गोठून फुगायची
आणि एप्रिलमध्ये अंग काढून घ्यायची.

थंडर बेच्या या गल्लीत
हे काम कुणाचं ते विचारावं लागत नाही.
गॅरेजच्या उंबऱ्याशी खिळ्याने कोरलंय :
टी. के., जुलै शहात्तर.
तोइवो केटोला. माझे वडील.
चार इंच सांगितले तर सव्वाचार ओतणारा माणूस,
असं मी वीस वर्षं गिऱ्हाइकांना ऐकवत आलोय.

मदतीचा पोरगा वाकून म्हणाला,
"पातळच आहे की हो."
मी म्हणालो, "ट्रकमध्ये टाक."

गेल्या महिन्यात आउने लाहती यांना विचारलं होतं,
किती वजन धरू?
त्यांनी कॅलेंडरच्या पाठीमागे यादी करून ठेवलेली :
नातवाचा, एरोचा, ओंडके वाहणारा दहाचाकी,
रिकामाच बारा टन.
भट्टीच्या तेलाचा टँकर.
अग्निशामक बंब (न येवो).
आणि सगळ्यात खाली, वेगळ्या पेनाने :
बर्फ.

आता त्या कॉफी घेऊन पायरीवर उभ्या होत्या.
मी टेप खिशात सरकवली.
"मोजलंस ना?" त्या म्हणाल्या.
मी ब्रेकरची नळी उगाच तपासत राहिलो.

"त्या उन्हाळ्यात गिरणी बंद होती.
विल्होने तुझ्या बापापुढे पैसे ठेवले, होते तेवढे.
तुझ्या बापाने पेन्सिल काढली, बराच वेळ आकडेमोड केली,
म्हणाला, एवढ्यात मधे पावणेतीन येतात.
कडा मात्र जाड ठेवतो, आधी कडाच मोडतात.
गाडी छोटी ठेवा.
मग आम्ही अंथरूण पाहून गाडी घेतली.
अठ्ठेचाळीस वर्षं.
फर्निचरचा ट्रकसुद्धा रस्त्यावरच थांबवायचो,
सोफा आम्ही दोघांनी उचलून आणला.
पावतीवर पावणेतीनच लिहिलंय. आणू?"

मी म्हणालो, नको.
थोड्या वेळाने म्हणालो, आणा.

वाळू सगळी उपसली.
बारा इंच फोडलेला दगड, थराथराने, धुम्मस करून,
इतका की टाच आपटली तर टाचच दुखावी.
सळ्यांची चौकट खुर्च्यांवर बसवली,
ओतताना कुणी पाय देऊन खाली दाबू नये
म्हणून मी स्वतः तिथे उभा राहिलो.
आठ इंच.
मिश्रणात हवेचे बारीक बुडबुडे,
गोठणाऱ्या पाण्याला हातपाय पसरायला जागा हवी,
नाहीतर ते भिंती फोडून जागा करतं.
दुसऱ्या दिवशी पहाटे करवतीने सांधे कापले.
तडा जायचाच असतो;
कुठून जायचं, एवढं फक्त आपल्या हातात.

एरो येऊन फेऱ्या मारत होता.
त्याचा ट्रक रस्त्याकडेला, इंजिन चालू,
शेजारची बाई पडद्याआडून बघणारी.
"अठ्ठावीस दिवस," मी म्हणालो.
"यूट्यूबवर दहा म्हणतात."
"यूट्यूबला सांग, तिथे लाव ट्रक."

बिलावर मी जाडी लिहिली, सळीचा व्यास लिहिला,
खालच्या दगडाची खोलीही लिहिली.
आजवर कधी लिहिली नव्हती.
वडिलांची पावती त्यांनी परत मागितली नाही.
ती गाडीच्या सनशेडमध्ये खोचलीय,
ब्रेक मारला की पडते.

निघताना आउने पायरीवर, पायात लोकरी सपाता.
"ट्रकला अठ्ठावीस. कारला?"
"सात."
"आणि मला?"

मी त्यांच्याकडे पाहिलं,
फार तर पंचेचाळीस किलो, वॉकर धरून.
"तुम्ही," मी म्हणालो, "उद्या सकाळी या.
पण मधून चाला."